गुळगुळीत बाजू वर

१

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते. कारखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, ते त्यांच्या एका वाक्यामुळे. नवा कामगार आला की हे त्याच्या मागे जाऊन उभे राहणार, हात पाठीमागे बांधणार आणि म्हणणार, "गुळगुळीत बाजू वर. बाकी काही नाही आलं तरी चालेल."

कारखान्यात चादरी बनत. अंथरायच्याच चादरी, पण कापडाच्या नव्हेत. वरच्या बाजूला स्वतःहून उजेड देणाऱ्या पॉलिमरचा गुळगुळीत थर, खालच्या बाजूला जाड, खरखरीत पण उजेड आरपार सोडणारा थर, आणि कडेला काडेपेटीएवढी बॅटरी. बटण दाबलं की सबंध चादर मंद उजळायची, पोहण्याच्या तलावातलं पाणी असतं तशी निळसर हिरवी. तिच्यावर भार पडला की तेवढ्यापुरती पिवळी व्हायची. भार तसाच राहिला तर केशरी, आणि फार वेळ राहिला तर तांबडी. ज्या आजारी माणसांना आपली कूस आपण बदलता येत नाही, त्यांच्यासाठी ही सगळी खटपट. रंग लगेच उतरत नसे. त्यामुळे माणसाला वळवलं की त्याच्या पाठीखाली कुठे किती भार साचला होता ते डोळ्यांनी दिसायचं. तांबडं दिसलं की समजायचं, उशीर झाला, इथे आता जखम होणार.

मास्तरांचं काम तपासणीचं. चादर टेबलावर पसरायची, पितळी वजनं ठेवायची, रंग बघायचा. चादर उलटी पडली तर मात्र सगळंच मुसळ केरात. जाड थर वर आला की तो भार इकडेतिकडे पसरवून टाकतो, मग वर कुणीही झोपो, चादर आपली हिरवीच्या हिरवी. म्हणून प्रत्येक चादरीचा एक कोपरा तिरका कापलेला असे. कापलेला कोपरा उजव्या हाताला आला की बाजू बरोबर. इतकी सोपी गोष्ट लोक कशी चुकतात, याचं मास्तरांना नेहमी नवल वाटायचं आणि ते नवल ते मोठ्या आवाजात बोलून दाखवायचे.

२

मास्तरांची बायको पोहायला शिकवायची. गावातल्या तलावावर तिने इतक्या पोरांना पाण्यात उतरवलं होतं, की रस्त्याने जाताना बापई माणसंसुद्धा तिला "काय पाणीबाई" म्हणून हाक मारत. तिची रीत ठरलेली. पोराला पाण्यावर उताणं निजवायचं. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. आणि म्हणायचं, "अंग सैल सोड. मी धरलंय."

हा मंत्र एका माणसावर मात्र कधी चालला नाही. लग्न नवीन असताना तिने मास्तरांनाही तलावात नेलं होतं. मास्तर तिच्या हातांवर आडवे झाले ते अंगाचा नुसता सोटा करून. "अहो, लाकूडसुद्धा तरंगतं," ती हसून हसून म्हणाली होती, "तुम्ही त्याहून कसे जड?" त्यानंतर मास्तर काठावर टॉवेल घेऊन बसायचे. ते काम त्यांना छान जमायचं.

आता ती अंथरुणाला खिळली होती. एका सकाळी चहा ओतता ओतता ती खाली कोसळली, आणि दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. शब्द उरले तीनच. हो, नको आणि सैल. डॉक्टर म्हणाले, असं होतं. जो शब्द जन्मभर तोंडात राहिला, तो राहतो.

मास्तरांनी अर्धी पाळी मागून घेतली. सकाळी ते कामावर असताना एक नर्स येऊन बसायची, तिला ते सिस्टर म्हणत. दुपारपासून सगळं मास्तरांच्या अंगावर. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. त्यात मास्तरांची पाठ कामातून गेलेली. वजन उचलू नका आणि जमिनीवर झोपा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जमिनीवर ते झोपत होते. मोठ्या पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला तिला निजवलं होतं, म्हणजे पडायची भीती नाही. अलीकडची अर्धी बाजू, जी मास्तरांची होती, ती रिकामी असायची.

वजन मात्र उचलावंच लागत होतं. बायकोची कूस बदलताना ते "चल गं" म्हणत, दात आवळत, आणि ती त्यांच्याकडे बघून म्हणायची, "सैल."

"माझं सोड," मास्तर म्हणायचे. "तू आधी वळ."

३

लेक दूरच्या शहरात असायची. तिचा फोन आला.

"बाबा, रागावू नका. इथे जवळच एक शुश्रूषागृह आहे. जागा मिळतेय आईला. चोवीस तास माणसं असतात, उचलायला, वळवायला."

"आणि मी?"

"तिथे फक्त आजारी माणसाला ठेवतात, बाबा. पण भेटता येतं. चार ते सहा."

लग्न झाल्यापासून मास्तर बायकोला कधी चार ते सहा भेटले नव्हते.

"मी रविवारी संध्याकाळी येते," लेक म्हणाली. "बघते. आईच्या पाठीला काही नसेल, तुम्हाला जमतंय असं दिसलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण एक जरी जखम दिसली ना, बाबा, तर मी तुमचं ऐकणार नाही." मग तिचा आवाज उगाचच पडला. "मला सारखं ते तलावातलं आठवतं. मी ओरडायचे, आई, हात काढू नकोस हं! आणि ती म्हणायची, नाही काढत. आणि तेव्हा तिने काढलेले असायचे. प्रत्येक वेळी. तिने 'नाही काढत' म्हटलं म्हणजे समजायचं, आपण एकटे तरंगतोय."

"कुणाला बुडू नाही दिलं तिने," मास्तर म्हणाले.

"नाही दिलं," लेक म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी साहेबांकडून एक बाद चादर मागून आणली. एका कोपऱ्यात ती उजळतच नव्हती, एवढाच तिचा दोष. बाद मालाच्या कडा कारखान्यातच सरळ छाटतात, कुणी चुकून विकू नये म्हणून. घरी आल्यावर मास्तरांनी ती बोटांनी चाचपली, बाजू ठरवली, सिस्टरच्या मदतीने पलंगभर अंथरली आणि वर एक विरविरीत सुती चादर घातली. खोलीचा पडदा ओढला तेव्हा पलंग सबंध हिरवा उजळला. पाणीबाई त्यावर निजलेली होती. तिने डावा हात हळूच बाजूला पसरला, पाण्यावर पसरतात तसा, आणि म्हणाली, "हो."

मास्तरांना एकदम भरून आलं. ते स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवत बसले.

४

पहिली चूक मास्तरांच्या झोपेने केली.

रात्री कूस बदलण्यासाठी ते घड्याळाचा गजर लावून उठत. त्या रात्री गजर वाजला असेल, बंदही केला असेल, पण उठले ते थेट उजाडल्यावर. खिडकीत ऊन आलेलं. रात्रभर ती एकाच अंगावर! ते धडपडत उठले, पडदा ओढला, तिला कसंबसं कुशीवर वळवलं आणि पाठीखालची चादर बघितली.

हिरवी. पाठीखाली हिरवी, कमरेखाली हिरवी, टाचांखाली हिरवी. पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही.

मास्तरांनी तळहात टेकवून चादर दाबली. सगळा भार देऊन, पाठीत कळ येईपर्यंत दाबली. रंग बदलला नाही.

"मेली चादर," ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर त्यांना बरंच वाटलं. बाद माल तो बादच. त्यांनी तिच्या पाठीवरून टॉर्चचा प्रकाश फिरवला. पाठ स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नव्हे, कमरेच्या हाडाजवळ जो लालसर डाग गेले काही दिवस त्यांचा जीव घेत होता, तोही मावळला होता.

सिस्टर आली तेव्हा तिनेही बघितलं. "मास्तर, रात्री किती वेळा वळवता हो तुम्ही? असं तर आमच्याकडे दवाखान्यातही जमत नाही."

मास्तर म्हणाले, "होतं तेवढं करतो." हे बोलताना त्यांचे कान तापले.

५

त्यानंतरच्या दुपारी पडदे ओढलेले होते. मास्तर तिला भरवून, तोंड पुसून, जरा कुशीवर वळवत होते. चादर चालूच होती. मेली असली तरी तो हिरवा उजेड बायकोला आवडायचा, म्हणून मास्तर ती बंद करत नसत.

ती वळली आणि मास्तरांचा हात तिच्या खांद्यावर तसाच राहिला.

चादरीवर दोन केशरी पट्टे होते. एक तिच्या पाठीखालून गेलेला, एक गुडघ्यांखालून. मनगटाएवढे रुंद. भिंतीकडून निघून ते पलंगाच्या अलीकडच्या, रिकाम्या बाजूपर्यंत आले होते, आणि तिथे, तिच्या अंगाच्या बाहेर, प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला चार छोटे केशरी ठिपके होते. ठिपके वरच्या बाजूला वळलेले. अंगाला खालून कव घालावी तसे.

हळूहळू रंग उतरला. केशरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा.

मास्तर माणूस हिशेबी. त्यांनी मनाला समजावलं, की पलंगाच्या पट्ट्या वर आल्या असतील. तिला उशीला टेकवून त्यांनी गादीची कड उचलली. खाली सलग फळी होती. बायको दवाखान्यातून घरी येण्याच्या आदल्या दिवशी त्यांनीच सुताराकडून घालून घेतली होती. मग त्यांनी पलंग आणि भिंत यांमधली फट बघितली. फट कसली, त्यात एक पोस्टकार्ड गेलं नसतं.

त्यांनी हात टेकून गादी दाबून बघितली. गादी गादीसारखीच होती. फक्त तिच्या पाठीखालच्या जागी हात ठेवला तेव्हा गारवा लागला. ओल नव्हती. नुसता गारवा.

"अगं," त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही, "तुला कुणी धरलंय का?"

ती त्यांच्याकडे फार मायेने बघत होती. "हो," ती म्हणाली.

आता तीन शब्दांपैकी एक शब्द येणारच. त्यावर काय विश्वास ठेवायचा? मास्तरांनी असं स्वतःला बजावलं. मग ते पलंगाजवळ खुर्ची ओढून, भिंतीकडे तोंड करून बसले, अंधार पडून दिवा लावायची वेळ झाली तरी बसूनच होते.

६

शनिवारी कारखान्यातली केमिस्ट भेटायला आली. पॉलिमरचं मिश्रण तीच बनवायची. वयाने मास्तरांच्या लेकीएवढी, पण मास्तरांचं ओरडणं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. ती पाणीबाईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला, तलावाच्या गोष्टी सांगितल्या. तीही लहानपणी त्याच हातांवर तरंगली होती.

निघताना तिने सहज सुती चादरीचा कोपरा वर केला आणि खालच्या चादरीवर अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग तिने मास्तरांकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना.

"मास्तर, रागावणार नाही ना?"

"काय झालं?"

"उलटी टाकलीय तुम्ही."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. कडा छाटलेल्या, खुणेचा कोपरा गेलेला, आणि इतकी वर्षं रसायनात हात घालून बोटांची टोकं अशी झालेली की गुळगुळीत काय आणि खरखरीत काय. तरीसुद्धा! सगळ्या कारखान्याला ज्याने एकच धडा शिकवला, त्याने! मास्तर हसायला लागले. केमिस्ट हसली. पलंगावर पाणीबाईसुद्धा तोंडाच्या एका बाजूने हसली. त्या घरात कित्येक दिवसांत असं हसणं झालं नव्हतं.

"सोमवारी मी सगळ्यांना सांगणार," केमिस्ट चपला घालताना म्हणाली.

"सांग बाई. बोर्डावर लिहून लाव."

दार लागलं. मास्तर अजून हसतच आत आले. म्हणजे चादर मेली नव्हती. नुसती उलटी होती. म्हणूनच रात्रभराचा भार दिसला नाही, म्हणूनच तळहात दाबून रंग बदलला नाही. जाड बाजू वर. सगळं कसं लख्ख जुळलं.

आणि मग जे जुळलं होतं तेच त्यांच्या डोक्यात पुढे सरकलं. उलटी चादर वरचा भार दाखवत नाही. उलट्या चादरीची गुळगुळीत बाजू खाली असते. ती फक्त खालून येणारा दाब दाखवते.

मास्तरांचं हसू कुठल्या कुठे गेलं. ते दारातच, चौकटीला धरून, उभे राहिले. पाणीबाई हिरव्या उजेडात शांत निजली होती आणि तिच्या अंगाच्या अलीकडे, सुती कापडातून, चार बोटांची टोकं केशरी दिसत होती.

७

त्यांनी चादर बदलली. म्हणजे सुलटी केली. सिस्टरला बोलावून, दोघांनी मिळून. या वेळी मास्तरांनी बाजू गालाने तपासली, बोटांवर विश्वास ठेवला नाही. सिस्टर गेल्यावर त्यांनी पडदा ओढला आणि आधी आपल्या रिकाम्या बाजूवर तळहात टेकवला. चादर लगेच पिवळी झाली, मग केशरी. हात उचलला तरी पंजा बराच वेळ तिथे दिसत राहिला. चादर उत्तम होती. तपासणीत पास झाली असती.

मग त्यांनी बायकोकडे बघितलं.

ती निजली होती तिथे चादर हिरवी होती. कडेने हिरवी, आणि त्यांनी तिला थोडंसं वळवलं तेव्हा खालीही हिरवीच. डोकं, खांदे, कंबर, टाचा. त्या सबंध अंगाचा चादरीवर तोळाभरही भार पडत नव्हता. म्हणजे ते हात आता चादरीच्या खाली नव्हते, वर होते.

मास्तर गुडघ्यांवर बसले. पाठीने कुरकुर केली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी आपला हात तिच्या पाठीखाली सरकवायला घेतला. एरवी हे किती कष्टाचं काम, अंगाखाली हात जाता जात नाही. आता तो सहज आत गेला. बोटांना काही कळलं नाही, ती तर बधिरच. मनगटाला कळलं. तिथे गार होतं, तलावाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवल्यावर लागतं तितकं गार. आणि मग तिथे जे होतं, ते जरासं बाजूला सरकलं. त्यांच्या हातासाठी जागा करून दिली.

मास्तरांनी हात झटकन बाहेर ओढला. पळून जावंसं वाटलं, पण तिला सोडून पळणार कुठे? आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते त्यांना कबूल करायला वेळ लागला. त्यांना हेवा वाटत होता. जे काम त्यांना झेपत नव्हतं, ते कुणीतरी किती हळुवार करत होतं! तिला पाण्यात उतरवणारा पहिला हात कुणाचा, तिला स्वतःला कुणी शिकवलं, हे त्यांनी एवढ्या संसारात कधी विचारलंच नव्हतं. आता विचारून ती सांगणार तरी कशी.

"भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

मास्तर भिंतीकडे वळले. भिंतीशी बोलायची त्यांच्यावर आयुष्यात वेळ आली नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "हे बघा," ते म्हणाले, "तुम्ही कोण ते मी विचारत नाही. उद्या संध्याकाळी आमची लेक येतेय. तोवर धरा. तिने बघितलं की पाठ चांगली आहे, मग ही इथेच राहील, माझ्यापाशी. पुढचं मी बघतो. एवढं करा."

भिंत काही बोलली नाही. चादर हिरवी राहिली.

८

रविवारी दुपारी मास्तरांनी बायकोचं अंग पुसलं, केस विंचरून दिले, तिला आवडायचा तो फिका जांभळा गाऊन घातला. लेकीला सगळं नीटनेटकं दिसायला हवं होतं. त्यांनी खोली झाडली. खिडकीच्या काचा पुसल्या. आणि शेवटी पाण्याची भरलेली बादली उचलली, जी उचलायला नको होती.

पाठीत काहीतरी कडकन झालं. बादली कलंडली, पाणी खोलीभर गेलं. मास्तरांना ओरडायलाही श्वास पुरला नाही. जमिनीवर ओल होती आणि जमिनीपर्यंत वाकणंच शक्य नव्हतं, म्हणून ते पलंगाच्या कडेला धरून, इंच इंच, आपल्या जुन्या बाजूवर आडवे झाले. कितीतरी महिन्यांनी ते बायकोच्या शेजारी निजले होते. छताकडे बघत त्यांना वाटलं, झालं. लेक येईल, बाप असा पडलेला बघेल आणि मग कशाला पाठ बघतेय. चार ते सहा.

डोळ्यांच्या कडेतून पाणी कानात गेलं. ते त्यांनी पुसलंही नाही, हात हलवला की कळ यायची.

"मला नाही गं जमलं," ते म्हणाले.

पडदे ओढलेलेच होते. मान तेवढी वळत होती. त्यांनी बघितलं तर आपल्या अंगाभोवती चादर पेटल्यासारखी झाली होती. आधी पिवळी, मग केशरी, आणि खांद्याजवळ, कोपराजवळ तांबडी. अंगाचा तोच जुना सोटा. शेजारी तिची बाजू शांत हिरवी. दोन रंगांची हद्द दोघांच्या मधोमध होती.

"सैल," पाणीबाई म्हणाली.

"नाही होत."

"सैल."

तिचे दोन्ही हात तिच्या छातीवर होते, डाव्या हाताने गेलेला उजवा हात धरलेला. मास्तरांना ते स्पष्ट दिसत होते. तरी त्याच वेळी त्यांच्या पाठीखाली, जिथे कळ होती बरोबर तिथे, काहीतरी गार येऊन टेकलं. मग गुडघ्यांखाली. मास्तरांनी श्वास रोखला. तलावाच्या काठावर टॉवेल घेऊन बसलेला तरुण माणूस त्यांना आठवला. काय भित्रा होता तो! बायको पाण्यात उभी राहून दोन्ही हात पसरून बोलावतेय आणि हा मान हलवतोय.

त्यांनी श्वास सोडला. आधी खांदे सोडले. मग कंबर. मग मान, जी आयुष्यभर ताठ होती.

कळ गेली. कमी झाली नाही, गेली. त्यांनी नजर वळवून बघितलं. तांबडा रंग केशरी झाला होता, केशरी पिवळा होत होता. मधली हद्द पुसट झाली, मग कुठे होती तेही कळेना. डोक्याकडचा तो कोपरा, जो कारखान्यातही कधी उजळला नव्हता, तोसुद्धा हिरवा झाला होता.

बाहेर पायरीवर पावलं वाजली. दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

"बाबा? आई?" लेकीने हाक मारली. "अगंबाई, हे पाणी कसलं?"

मास्तरांना ओ द्यायची होती. तोंड उघडलं तर पाणी आत जाईल, असं त्यांना उगाचच वाटलं. आता घाबरावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना. अंग कशालाच टेकलेलं नव्हतं. छत जरा जवळ आल्यासारखं दिसत होतं. शेजारी तिचा श्वास ऐकू येत होता किंवा तो त्यांचाच होता.

"अगं," ते ओठातल्या ओठात म्हणाले, "हात काढू नकोस हं."

लेकीची पावलं खोलीच्या दाराशी आली होती.

"नाही काढत," पाणीबाई म्हणाली.